सासूबाईंच्या तोंडातली जाळी

आमच्या नंदुरबारला हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली की वाऱ्याबरोबर ठसका थेट स्वयंपाकघरात येतो. अशा गावात जन्म काढलेल्या माझ्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी ताटातला ठेचा हळूच बाजूला सारू लागल्या. मग वरणातही तिखट नको. मला वाटलं, वयाचे नखरे! शाळेतून दुपारी येऊन पुन्हा वेगळी भाजी शिजवायची म्हणजे काय, ते तुम्हांला सांगायला नकोच.

‘उष्णता झाली’ म्हणून जाईचा पाला चघळून झाला, गुलकंद झाला, तूप लावून झालं. शेवटी एकदा खिडकीशी उजेडात तोंड उघडायला लावलं, तर दोन्ही गालांच्या आतून क्रोशाच्या लेससारखी पांढऱ्या रेघांची जाळी!

दातांच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, लायकेन प्लेनस. शरीराची रक्षण करणारी शक्तीच तोंडाच्या नाजूक अस्तरावर उलटते आणि दाह होतो. मध्यम वयानंतरच्या बायकांत हा जास्त दिसतो. तो उष्ट्यानं लागत नाही, हे ऐकताच सासूबाई रडल्याच. नातवाला लागेल म्हणून त्यांनी त्याला घास भरवणं बंद केलं होतं. घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

स्टेरॉइडचं मलम मिळालं, आग शमली. आता माझी चूक ऐका. बरं वाटतंय म्हणून पुन्हा दाखवायला नेलंच नाही. दुकानातून तेच मलम आणत राहिले. दोन महिन्यांत आग परतली, पहिल्यापेक्षा जास्त. जिभेवर, टाळूवर दह्याच्या कवड्यांसारखे ठिपके. मी आणखी मलम लावलं!

ती बुरशी होती. कॅन्डिडा नावाची ही बुरशी कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडातही गुपचूप असते. दाहानं सोललेलं अस्तर, वर स्टेरॉइड, रात्रीही न काढलेली कवळी, रक्तातली साखर, कोरडं तोंड, असं काही मिळालं की फोफावते. सासूबाईंकडे यातलं बरंच होतं; साखरही वाढलेली निघाली. कवडीसारखा थर ओल्या फडक्यानं पुसला जातो आणि खाली लाल दिसतं. जाळीच्या रेघा पुसल्या जात नाहीत. तरी निदान डॉक्टरांवरच सोडा, आणि घासून घासून जखम करू नका.

क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं औषध दिलं. बुरशीवरचं दुसरं जुनं औषध निस्टॅटिन हे तर दोन बायकांचं काम आहे. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन यांनी १९५० मध्ये ते जाहीर केलं. एक न्यूयॉर्कला, दुसरी ऑल्बनीला. मातीतल्या जंतूंचे नमुने काचेच्या बरण्यांतून टपालानं जायचे! आपल्या बरण्या लोणच्यापुढे जात नाहीत.

आता कवळी रात्री काढून, ब्रशनं घासून स्वच्छ पाण्यात राहते. मिश्री सुटली, पण भांडून. दम्याचा पंप ओढणाऱ्यांनी मात्र दर वेळी चूळ भरावी, तिथंही हीच बुरशी येते. जाळी अजून आहे. ती अधूनमधून उठते. अशा डागांतून क्वचित कर्करोग होतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं, आणि कुठलंही तोंडातलं चट्टं दोन आठवड्यांत भरलं नाही तर लगेच.

पुढची तपासणी चैत्रात आहे. या वेळी तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे, दुधाच्या हिशोबाशेजारी. परवा सासूबाईंनी ठेचा मागितला. दह्यात कालवून बोटभर दिला.