अलक्ष्मीचे निस्सारण

आश्विन अमावास्येच्या मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालविण्याची आपली जुनी रीत आहे. परंतु बिघडलेला मोबाईल केरात टाकला, तर ती अलक्ष्मी दुसऱ्याच्या दारी जाऊन बसते. त्यातील लिथियमची बॅटरी कचरागाडीत चेपली की पेट घेते. तांब्यासाठी सर्किट बोर्ड जाळणाऱ्या मजुराच्या छातीत विषारी धूर जातो. त्याच बोर्डात सोन्याचांदीचे अंशही असतात! १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गृहस्थाचे कर्तव्य एवढेच, की फुगलेला फोन उघडू नये, चार्ज करू नये. अधिकृत संकलन केंद्रात पोहोचवावा. शेजाऱ्याचे अंगण मळवून केलेल्या लक्ष्मीपूजनाने लक्ष्मी कशी प्रसन्न व्हावी?