कमी पैशातली भटकंती आणि आडनावाचा प्रश्न

दिघीतली आमची बहुतेक पोरं भोसरीत नाहीतर चाकणला कंत्राटी कामाला आहेत. सुटी घेतली की त्या दिवसाचा पगार गेला. त्यामुळे डोंगरात फिरायला जायचं म्हटलं तर आधी हिशेब मांडावा लागतो. बुडालेला रोज किती, एसटीचं भाडं किती, जेवणाचे किती. ट्रेकिंगवाल्या ग्रुपची फी बघितली की त्या रकमेत घरचं किराणा सामान येतं. म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघांनी ठरवलं, आपलं आपणच जायचं. दोन रात्री, तीन दिवस, माणशी आठशेच्या वर एक रुपया नाही. भोसरीहून एसटीने जुन्नर, तिथून लेण्याद्री आणि पुढे नाणेघाट.

असं स्वस्तात कसं फिरावं, हे सांगणारे व्हिडिओ आम्हीही बघितले होते. सगळ्यांचा सल्ला एकच. लॉजवर पैसे घालवू नका. गावातल्या देवळात पथारी टाका. कुणाच्याही ओसरीवर विचारा, आपली माणसं नाही म्हणत नाहीत. सह्याद्रीतल्या माणसाचं मन मोठं असतं.

हा सल्ला देणाऱ्याला आपलं आडनाव सांगताना कधी अडखळावं लागलेलं नसतं. आमचं म्हणणं एवढंच आहे आणि हा लेख त्यासाठीच आहे.

पहिल्या दिवशी लेण्याद्री बघून आम्ही संध्याकाळच्या गाडीने घाटाच्या बाजूच्या एका गावात उतरलो. धो धो पाऊस. देवळाच्या सभामंडपात टेकलो होतो. एक गृहस्थ छत्री घेऊन आले. बोलायला चांगले होते.

"कुठून आलात?"

"दिघीहून. पुण्याजवळ."

"नोकरीला?"

"चाकणला, कंपनीत."

"बरं. आडनाव काय म्हणालात?"

आम्ही काहीच म्हणालो नव्हतो. मग आमच्यातला एक जण पटकन बोलून गेला. त्याने जे आडनाव सांगितलं ते आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं. गृहस्थांचा चेहरा खुलला. त्यांनी घोंगडी आणून दिली, घरून चहा आला, सकाळी पोहे आले. पैसे विचारले तर रागावले.

रात्रभर आमच्यापैकी कुणाला झोप लागली नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आम्ही एकमेकांना हळू आवाजात बजावत होतो की उद्या नावाने हाक मारताना सांभाळा. एकाच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर बाबासाहेब होते. त्याने मोबाइल पालथा घालून उशाखाली ठेवला. त्या गृहस्थांनी आमचं काहीही वाईट केलं नाही. कदाचित खरं आडनाव सांगितलं असतं तरी त्यांनी तोच चहा दिला असता. पण ते अजमावून बघायची हिंमत आमची झाली नाही. जात अशीच काम करते. समोरच्याने एक शब्द न बोलताही आपल्याच माणसाला आपल्याच हाताने बाबासाहेब लपवायला लावते.

परत आल्यावर आम्ही 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचायला घेतलं. बाबासाहेबांनी त्यात स्वतःचे जे अनुभव सांगितले आहेत, ते एका ओळीत लावून बघा. १९०१ साली, नऊ वर्षांचे असताना, भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर अडकले. जात कळल्यावर गाडीवाले बसवून घेईनात. दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकत जावं लागलं. सोबत खायला होतं, पण प्यायला पाणी मिळालं नाही. पुढे बडोद्याला, परदेशात शिकून आलेला अधिकारी राहायला जागा शोधत फिरला. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार झाला नाही. ज्याला टांगा हाकता येत नव्हता त्याने हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. १९३४ साली सहकाऱ्यांसोबत वेरूळला निघालेले असताना दौलताबादचा किल्ला बघायला गेले. दाराजवळच्या टाक्यात धूळ भरलेली तोंडं धुतली, तर पाणी बाटवलं म्हणून जमाव धावून आला.

हे सगळे प्रवासाचे अनुभव आहेत. हा योगायोग नाही. आपल्या वस्तीत माणूस चार ओळखीच्यांत असतो. प्रवासात तो अनोळखी माणसाच्या पाण्यावर, गाडीवर, छपरावर अवलंबून असतो. जात तिथेच गाठते. खिशात पैसे असले तर हॉटेल आणि टॅक्सीच्या आडोशाने ती थोडी टाळता येते. पैसे कमी असले तर टाळता येत नाही. म्हणून कमी पैशातली भटकंती ही सगळ्यांसाठी सारखी नाही. ज्याला 'लोकांचा मोठेपणा' म्हणतात तो आडनाव बघून वाटला जातो.

आणि एक गोष्ट आम्हाला त्या पुस्तकात नव्याने दिसली. मसूरच्या त्या प्रवासात टोलनाक्यावर पाणी मागताना त्या मुलांनी आपण मुसलमान असल्याचं सांगितलं होतं. तरी पाणी मिळालं नाही. बडोद्याला बाबासाहेब पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. ते उघडकीला आल्यावर लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. खोटं नाव घेण्याची वेळ त्यांच्यावरही आली होती. त्यांनी ते लपवलं नाही, स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. म्हणून आमच्या मित्राला आम्ही दोष देत नाही. दोष त्या प्रश्नाचा आहे. पण शंभर वर्षांनंतरही आमच्याकडे तोच एक उपाय असेल, तर दोष थोडा आमच्या संघटनांचाही आहे.

आता जुन्नरचंच बघा. या एका तालुक्याच्या गावाभोवती डोंगरात दोनशेच्या आसपास लेणी आहेत. मानमोडी, तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री. लेण्याद्रीला गर्दी असते ती गिरिजात्मजाची. पण गणपती जिथे बसवला आहे तो वीस खोल्यांचा बौद्ध विहार आहे आणि शेजारीच चैत्यगृह आहे. रांगेतल्या फार थोड्या लोकांची पावलं तिकडे वळतात. प्रत्येक लेण्याजवळ पाण्याचं टाकं. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटलं आहे. जुन्नरच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दान दिल्याची नोंद आहे. यवन म्हणजे परदेशातून आलेला माणूस. दुसऱ्या एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिल्याचं कोरलंय. आणखी एका लेखात बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणी येतात. कष्टकऱ्यांच्या संघटनाच होत्या त्या. आज भोसरीत आपण जे हाताचं काम करतो, तसंच काम करणाऱ्यांची नावं दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात मानाने कोरली गेली.

तिथून एका दिवसाच्या चालीवर नाणेघाट आहे. तिथल्या गुहेतला सातवाहन राणी नागनिकेचा लेख मोठा प्रसिद्ध आहे. तो यज्ञांचा लेख आहे. किती गाई दक्षिणा दिल्या, किती कार्षापण दिले, याचा हिशेब त्यात आहे. एकाच मुलखात दोन हिशेब कोरलेले आहेत. एक राजाने पुरोहिताला काय दिलं त्याचा. दुसरा साध्या माणसांनी चालणाऱ्या भिक्खूंसाठी पाणी आणि निवारा दिला त्याचा. आपण कुठल्या हिशेबाचे वारस आहोत?

पण वारसा सांगणं सोपं असतं, हेही त्याच वाटेवर कळलं. दुसऱ्या रात्री घाटाजवळच्या वाडीत एका महादेव कोळी कुटुंबाकडे थांबलो. या वेळी खरी नावं सांगितली. म्हातारीने ऐकलं, मान हलवली आणि भाकरी थापायला बसली. सकाळी निघताना पैशांचा विषय आला. ती म्हणाली, "द्या काय द्यायचं ते." आम्ही चौघांनी बाजूला जाऊन बजेट काढलं आणि तिच्या हातावर दोनशे रुपये ठेवले. चौघांचं दोन वेळचं जेवण आणि रात्रीचा निवारा, दोनशे रुपये! वाटेत एक जण म्हणाला, "आपला ठेकेदार आपल्याला असंच देतो ना?" पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही. कमीत कमी वेतनासाठी भांडणारे आम्ही, आदिवासी बाईच्या कष्टावर स्वतःचं बजेट जुळवून आलो. आठशे ठरवले होते, घरी पोचलो तेव्हा माणशी दीडशे उरले होते. ते तिचे होते.

काही जण म्हणतील, तुम्ही डोंगरातही जात घेऊन जाता. आम्ही नेली नाही. ती देवळाच्या मंडपात छत्री घेऊन आमच्या आधी हजर होती. आपल्यातलेच काही ज्येष्ठ म्हणतील, पोरांनी स्पर्धा परीक्षा द्यावी, डोंगर कसले फिरता. त्यांना नम्रपणे सांगतो की बुद्ध पंचेचाळीस वर्षं पायी चालले. महाडच्या सत्याग्रहाला माणसं कुठून कुठून चालत आली होती. ज्याला मुलूख पायाखालचा माहीत नाही, त्याला तो आपला आहे असं म्हणता येत नाही.

मग करायचं काय? आमच्या मनात एक साधी गोष्ट आहे. विहार हा मुळात चालणाऱ्या भिक्खूंचा पावसाळ्यातला निवारा. आपण आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास पाळतो, ग्रंथवाचन करतो, ते चांगलंच आहे. पण आज आपल्या बहुतेक विहारांना रविवारची वंदना सोडली तर आठवडाभर कुलूप असतं. तालुक्याच्या प्रत्येक गावातल्या विहाराने एक खोली, दोन सतरंज्या आणि पिण्याच्या पाण्याचा माठ वाटसरूंसाठी ठेवला तर? जुन्नर, मंचर, राजगुरुनगर, जिथे विहार आहे तिथे. येणाऱ्याने झाडून जायचं, दानपेटीत जमेल ते टाकायचं. कुणालाही आडनाव विचारायचं नाही. आपल्याच माणसांसाठी असं आम्ही म्हणत नाही. कुणीही येऊ दे. आपली पोढी सगळ्यांसाठी असली पाहिजे, नाहीतर चवदार तळ्यावर आपण कशासाठी गेलो होतो?

हे अशक्य नाही. दरवर्षी आळंदीहून निघालेली पालखी दिघीवरून पुण्याला जाते. त्या दिवशी मॅगझिन चौकापासून रस्ताभर लोक चहा, पाणी, खिचडी वाटतात. चालणाऱ्याची सोय कशी करायची हे या गावाला माहीत आहे. आपणही ती करू शकतो, फक्त वर्षातून एकदा नको.

सुरुवात दुसऱ्याला सांगून होत नाही. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या समितीपुढे आम्ही हा विषय ठेवला आहे. चावी कुणाकडे राहणार, लाईटबिल कोण भरणार, दारू पिऊन कुणी आलं तर काय, असे प्रश्न आले. रास्त प्रश्न आहेत आणि उत्तरं शोधतो आहोत. तोवर पुढच्या वेळी जाताना दोन गोष्टी पक्क्या केल्या आहेत. खरं नाव सांगायचं. आणि जिथे भाकरी खाऊ तिथे तिचं पूर्ण मोल द्यायचं, मग एक दिवस कमी फिरलो तरी चालेल.

नाणेघाटाजवळच्या त्या म्हातारीचे पैसे घेऊन आमच्यातला एक जण पुढच्या महिन्यात परत जाणार आहे. कुणाला सोबत यायचं असेल तर सांगा.

जय भीम.