हवापालट आणि झोंप

गेल्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरीं होतों. बरोबर आमच्या मावशी होत्या. त्यांस कित्येक वर्षें गोळीवांचून झोंप येत नसे. पंचगंगेच्या देवळांत गोमुखांतून पडणारें पाणी पाहत त्या म्हणाल्या, "काल गोळी घ्यायची राहिली, तरी छान झोप लागली बघ. डोकं कसं धुतल्यासारखं वाटतंय!"

सर जॉन माल्कम यांनीं १८२८ च्या सुमारास ४,५०० फूट उंचीवर ही पेठ वसविली, ती दुखणाइतांच्या हवापालटासाठींच. येथील हवेची महती आम्हांसहि मान्य आहे. पण मावशींचा तो 'धुतल्यासारखं' शब्द आमच्या मनांत घोळत राहिला.

मेंदू देहाच्या वजनाचा केवळ २ टक्के. पण स्वस्थ बसल्या वेळींहि देहाच्या शक्तीपैकीं सुमारें २० टक्के तो एकटाच खर्च करतो. चूल इतकी पेटती, तर राख निघते कशी? २०१२ सालीं रोचेस्टर विद्यापीठांतील मैकेन नेडरगार्ड व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, मेंदूभोंवतींचें पाणी रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनें आंत शिरतें व टाकाऊ द्रव्यें घेऊन बाहेर पडतें. पुढील वर्षीं त्यांस आढळलें कीं, उंदीर निजला असतां पेशींमधील जागा ६० टक्क्यांनीं वाढते आणि स्मृतिभ्रंशाच्या रोगांत सांचणारें बीटा-ॲमिलॉइड अधिक लवकर निघून जातें. ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं तर २०२५ सालीं फळमाशांत असें पाहिलें कीं, पेशींतील शक्तीच्या भट्ट्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, जागेपणीं बिघडूं लागल्या कीं त्यांतूनच झोंपेची निकड उत्पन्न होते.

पंडितांचें अद्यापि एकमत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजांत २०२४ सालीं झालेल्या प्रयोगांत झोंपेमध्यें ही सफाई उलट मंदावलेली दिसली.

तथापि आम्हांस खरी रुखरुख लागली ती निराळ्याच एका प्रयोगानें. २०२५ सालीं नेडरगार्डबाईंच्याच मंडळींनीं दाखविलें कीं, गाढ झोंपेंत रक्तवाहिन्या मंद लयींत आकसतात व फुगतात आणि त्या हालचालीनें पाणी खेळतें. झोल्पिडेम दिलेल्या उंदरांत झोंप आली, पण ही लय क्षीण झाली. मावशींची गोळी तीच!

हें ऐकून त्या म्हणाल्या, "मग आजच टाकते दरीत." आम्हीं हात धरला. उंदरांवरून माणसाचा निवाडा करतां येत नाहीं. शिवाय अशी गोळी एकाएकीं सोडल्यास झोंप पार उडते, मन बेचैन होतें, क्वचित् त्याहून वाईटहि घडतें. त्या रात्रीं त्यांस गोळी आम्हींच आठवणीनें दिली.

पुण्यास परतल्यावर डॉक्टरांनीं ती हळूहळू कमी करण्यास घेतली आहे. मध्यंतरीं दोन रात्री मावशी येरझारा घालीत होत्या व सकाळीं सर्वांवर चिडल्या. सध्यां अर्ध्या गोळीवर आहेत. नऊ वाजतां नातवाचा मोबाइल आपल्या कपाटांत ठेवून किल्ली कमरेस लावतात. त्यावरून घरांत रोज तंटा होतो.