जपान पाहून आलेल्यांस

गेली काही वर्षे जपानच्या प्रवासाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जात आहे. त्या लेखनात एक वाक्य इतक्या नियमाने भेटते की, मुद्रकाने ते एकदा जुळवून कायमचे बांधून ठेवले असावे, अशी शंका यावी. परंपरा आणि आधुनिकता यांचा अपूर्व संगम जपानात पाहावयास मिळतो, हे ते वाक्य होय. त्याच्या पुष्ट्यर्थ दिले जाणारे दाखलेही ठरून गेले आहेत. 1964 साली सुरू झालेल्या शिंकान्सेन गाडीच्या खिडकीतून फुजी पर्वताचे दर्शन होते. क्योटोच्या देवळाबाहेर नाणे टाकताच कॉफीचा डबा पुढे करणारे यंत्र उभे असते. किमोनो नेसलेली तरुणी मोबाइलवर स्वतःचेच छायाचित्र टिपीत असते. दाखले खरे आहेत, म्हणूनच त्यांवर रचलेला सिद्धान्त तपासून पाहण्याची कोणास गरज वाटत नाही. पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ 1963 साली प्रसिद्ध झाले, त्या काळी जपान पाहिलेला मराठी मनुष्य विरळा होता आणि तो देश वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा करणे हेच मोठे काम होते. आता तिकडे सहलींचे तांडे जातात. विस्मय हा ज्ञानाचा आरंभ असेल. आमच्या प्रवासलेखकांनी त्यालाच ज्ञानाचा शेवट करून टाकले आहे.

प्रथम या ‘संगमा’चाच विचार करू. गंगा आणि यमुना आपापल्या उताराने वाहत येतात आणि प्रयागास मिळतात. त्यासाठी कोणास कायदा करावा लागत नाही. जपानातील प्रकार असा नव्हे. 1868 च्या राज्यक्रांतीनंतर शिंतो देवस्थानांपासून बौद्ध धर्म वेगळा काढण्याचा हुकूम सुटला आणि त्या लाटेत असंख्य बौद्ध विहार व मूर्ती नष्ट झाल्या. 1873 साली जुने किल्ले निकालात काढण्याचा आदेश निघाला व त्यांपैकी बहुसंख्य पाडले गेले. 1876 साली सामुरायांच्या कमरेची तलवार गेली. तात्पर्य, आज जिच्या जतनाबद्दल आपण जपानी लोकांचे गोडवे गातो, त्या परंपरेवर त्यांनीच प्रथम कुऱ्हाड चालविली होती. मग सावधपणा आला. यानागी सोएत्सू याने 1925 च्या सुमारास सामान्य कारागिरांच्या वस्तूंतील सौंदर्याची चळवळ उभारली आणि 1936 साली तोकियोत त्या वस्तूंचे संग्रहालय उघडले. युद्धातील पराभवानंतर, देश दरिद्री असताना, 1950 साली सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याच्या पोटी उत्कृष्ट कारागिरास व नटास राष्ट्राचा जिवंत ठेवा मानून मानधन देण्याची व्यवस्था आली. 1974 साली पारंपरिक हस्तव्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. प्रवाशास जो संगम दिसतो, तो असा कायद्याने, पैशाने आणि पश्चात्तापाने खोदलेला कालवा आहे.

या कालव्याखाली कोणाची शेते बुडाली, हेही विचारले पाहिजे. उत्तरेकडील होक्काइदो बेटावरील आइनू हे तेथील मूळ रहिवासी. 1899 च्या ‘संरक्षण’ कायद्याने त्यांस शेतकरी बनविण्याचा आणि त्यांची भाषा व चालीरीती विसरविण्याचा उद्योग झाला. तो कायदा रद्द होण्यास 1997 साल उजाडले, आणि ते मूलवासी आहेत असे कायद्याच्या शब्दांत मान्य होण्यास 2019. आमच्या प्रवासवर्णनांत होक्काइदोचा बर्फ येतो, तेथील खेकडा व दूधही येते. आइनू येत नाहीत. ज्याच्या घराजवळ गोंड, माडिया आणि कोलाम राहतात त्या विदर्भीय प्रवाशासही ते दिसू नयेत, हे आम्हांस अधिक बोचते.

आता घराकडे वळू. पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचे 1982 साली विभाजन होऊन चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक प्रदेश आजही जंगलाने व्यापलेला आहे आणि या जंगलात बांबू विपुल आहे. जपानातही बांबू विपुल आहे. नारा प्रांतातील ताकायामा गावी बांबूच्या एका पेरातून चहा घुसळण्याची नाजूक रवी कोरतात. तो कारागीर कसा मांडी घालून बसतो, चाकूने किती सूक्ष्म तंतू काढतो, याचे वर्णन करताना आमच्या लेखकांची लेखणी सद्गदित होते. 1967 साली शोनो शोउन्साई या बांबूकाम करणाऱ्यास जपान सरकारने ‘जिवंत ठेव्या’चा मान दिला. आमच्याकडे बांबूचे काम करणाऱ्यास बुरूड म्हणतात. तोही मांडी घालूनच बसतो. त्याचाही कोयता पेराची नस ओळखतो. सूप, टोपली, तट्टे, कणगी या त्याच्या हातच्या वस्तूंवाचून या प्रदेशातील एक सुगी पार पडत नाही आणि एक लग्न लागत नाही. परंतु बुरडावर सद्गदित झालेले एकही पान आमच्या पाहण्यात नाही. सुपाची किंमत दहा रुपयांनी पाडून मागणारे सद्गृहस्थ मात्र बाजाराच्या दिवशी हवे तितके भेटतात.

येथे कोणी म्हणेल, जपानी वस्तूतील सफाई आमच्या सुपात नाही. क्षणभर तसे धरून चालू. सफाई येते कोठून? कारागिरास कच्चा माल हक्काने मिळावा, मालास भाव यावा आणि मुलाने तोच धंदा करण्यात लाज वाटू नये, यांतून ती येते. आमच्याकडे काय घडले? 1927 च्या वनकायद्याने ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातला. वनस्पतिशास्त्राने ज्यास गवत म्हटले ते कायद्याने झाड ठरले आणि जंगलात राहणारा मनुष्य स्वतःच्या दारचा बांबू तोडू लागला की गुन्हेगार ठरू लागला. त्याच जंगलांतील बांबू कागदाच्या कारखान्याकडे मात्र राजरोस जात होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजांत गणला. तरीही वनखात्याची मूठ सुटण्यास वर्षे लागली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विक्रीस नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यासाठी 2011 च्या एप्रिलात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांस त्या गावी यावे लागले. जंगलाबाहेरील बांबू तर 2017 मध्ये कायद्याच्या दुरुस्तीनेच ‘वृक्षा’तून सुटला. म्हणजे नव्वद वर्षे ज्याच्या हातातील कोयता कायद्याने धरून ठेवला, त्यालाच आपण विचारतो की, बाबा, तुझ्या कामात जपान्यासारखी सफाई का नाही!

मेंढ्याची गोष्ट प्रवासलेखकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसंमतीने होतात. ही रीत जुन्या जातपंचायतीतून आली आहे असे म्हणावे, तर त्याच सभेत स्त्रिया बरोबरीने बसतात आणि तीच सभा बांबूच्या विक्रीचा हिशेब ठेवते, कर भरते, सरकारशी कायद्याच्या कलमांवर वाद घालते. देवाजी तोफा यांच्यासारख्या माणसांनी हे वर्षानुवर्षे चिकाटीने घडविले. परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम पाहण्याची ज्यास खरी तहान आहे, त्यास पारपत्राची जरुरी नाही. गडचिरोलीहून धानोऱ्याची मोटार पुरे.

नाटकाचेही असेच आहे. तोकियोच्या काबुकी-झा रंगमंदिरात चार तास बसून, भाषेचा एक शब्द न कळता, आमचे रसिक भारावून परततात. त्यांपैकी किती जण दिवाळीनंतर देसाईगंज-वडशाकडे फिरकले आहेत? तेथून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या शिमग्यापर्यंत गावोगाव रात्रभर खेळ करतात. दंडार आणि खडी गंमत यांच्या मातीत वाढलेला हा रंगमंच आज विजेच्या झगमगाटात, तिकीट लावून, हुंड्यापासून व्यसनापर्यंत सारे विषय मांडतो, आणि थंडीत घोंगडी पांघरून हजारो शेतकरी ते पहाटेपर्यंत पाहतात. त्याच्या सेवेबद्दल परशुराम खुणे यांस 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या कित्येक नाट्यप्रेमींनी झाडीपट्टी हा शब्द प्रथमच ऐकला असावा. त्यात नाचगाण्याचा धुडगूस असतो, अभिरुची हिणकस असते, असा आक्षेप येतो. असतो खरा धुडगूस. परंतु काबुकीचे पूर्वचरित्र या टीकाकारांनी वाचले आहे काय? सतराव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांनी सुरू केलेला तो खेळ वेश्याव्यवसायाशी इतका निगडित झाला की, 1629 साली स्त्रियांस रंगभूमीवर येण्याची बंदी झाली. ‘नीच’ गणल्या गेलेल्या या नाटकास जपानच्या सम्राटाने प्रथम हजेरी लावली ती 1887 साली. अभिजातपणा आकाशातून पडत नाही. कोणीतरी प्रतिष्ठित मनुष्य येऊन पहिल्या रांगेत बसावा लागतो.

आणखी एक दाखला. इसे येथील शिंतो देवालय दर वीस वर्षांनी नवे बांधतात. 2013 साली त्याची बासष्टावी आवृत्ती झाली. त्यासाठी लागणारे वृक्ष पुढील पिढ्यांस मिळावेत म्हणून देवस्थानच्या वनात गेल्या शतकापासून लागवड चालू आहे. हे वाचून आम्ही मान डोलावतो. इकडे ताडोब्याच्या अरण्यात दरसाल सहस्रावधी लोक वाघ पाहण्यास जातात. त्या अरण्याचे नाव ज्या तारू देवावरून पडले, वाघाशी झुंजताना प्राण गेलेल्या ज्या गोंड पुरुषाची तेथील तळ्याकाठी पूजा होते, त्याची चौकशी किती जण करतात? आणि एटापल्लीच्या सुरजागड पहाडावर लोहखनिजासाठी यंत्रे चालू आहेत, तो पहाड माडियांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे, हे कोणाच्या प्रवासवर्णनात आले आहे? देवासाठी अरण्य राखणारा जपानी मनुष्य आमच्या मते सुसंस्कृत. तीच गोष्ट आमचा माडिया मागतो तेव्हा तो प्रगतीच्या आड येणारा!

आमचे म्हणणे असे मुळीच नाही की जपानास जाऊ नये, अथवा जपानात शिकण्याजोगे काही नाही. तेथेही कारागिरांच्या घरी वारस मिळत नाहीत आणि खेडी ओस पडत आहेत. तरीही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु शिकावे कसे, याचा धडा मराठी माणसास कोणी द्यावयास नको. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती 1915 साली जपानच्या महिला विद्यापीठाचे एक माहितीपत्रक आले. ते त्या वेळी जपानास गेलेही नव्हते. त्यांनी ते वाचले आणि दुसऱ्याच वर्षी, 1916 साली, पुण्यास महिला विद्यापीठ सुरू केले. एका पत्रकावरून ज्यांनी विद्यापीठ उभे केले, त्यांच्याच भाषेत आज दहा दिवसांच्या प्रवासावरून फक्त एक पुस्तक निघते आणि त्या पुस्तकात तेच एक वाक्य निघते.

तेव्हा जपान पाहून आलेल्यांस आमची विनंती इतकीच. पुढच्या पुस्तकात ‘संगम’ हा शब्द लिहिण्यापूर्वी तो कोणत्या कायद्याने, कोणाच्या खर्चाने आणि कोणास बुडवून झाला, हे पाहावे. आणि परत आल्यावर बाजारात सूप घेताना बुरडाने सांगितलेली किंमत न बोलता द्यावी. यानागीचे सारे तत्त्वज्ञान समजण्यास तेवढा आरंभ पुरे आहे.