‘जोगे’ या शब्दाचे मौन

मंगळाविषयीच्या बातम्या वाचताना मराठी वाचकाची जी फसगत होते, तिचे मूळ विज्ञानात नसून भाषेत आहे असे मला वाटते. ‘हॅबिटेबल’साठी ‘जीवसृष्टीस अनुकूल’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ आहे. मात्र मथळ्यापर्यंत येता येता त्यातले ‘अनुकूल’ गळून पडते आणि नुसती ‘जीवसृष्टी’ उरते. वास्तविक मराठीत ‘जोगे’ हा किती नेमका शब्द आहे! पाहण्याजोगे नाटक कोणी पाहिलेच असेल असे नाही. ‘जोगे’ केवळ योग्यता सांगते, क्रिया घडली की नाही याविषयी मौन पाळते.

क्युरिऑसिटी या रोव्हरच्या कामाचा गाभा म्हणजे हेच मौन होय. ऑगस्ट 2012 मध्ये गेल विवरात उतरलेल्या या यंत्राने फेब्रुवारी 2013 मध्ये ‘यलोनाइफ बे’ येथील खडकाला भोक पाडले. वरची धूळ तांबडी, पण आतून निघालेली भुकटी राखाडी होती. तीत चिकणमातीची खनिजे सापडली. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक ही जीवनाला लागणारी मूलद्रव्येही आढळली. ऑपॉर्च्युनिटीला 2004 मध्ये मेरिडियानीच्या मैदानात ज्या पाण्याच्या खुणा दिसल्या होत्या, ते पाणी आम्लयुक्त व खारट होते. इथले मात्र बेताच्या क्षारांचे, जवळजवळ उदासीन. आपण तिथे असतो तर ते पिता आले असते, अशा आशयाचे उद्गार मोहिमेचे शास्त्रज्ञ जॉन ग्रोट्झिंगर यांनी तेव्हा काढले होते. म्हणजे पिण्याजोगे! ते कोणी प्याले का, हा प्रश्न त्या यंत्राला विचारलेलाच नव्हता. 1976 मध्ये व्हायकिंग यानांनी तो थेट विचारून पाहिला होता, आणि मिळालेल्या उत्तराच्या अर्थावरून पुढे कित्येक दशके वाद चालला. त्यानंतरचा हा संयम आहे.

पर्सिव्हरन्सला जुलै 2024 मध्ये जेझेरो विवराच्या परिसरात ठिपक्यांचा एक खडक आढळला. त्यावरील शोधनिबंध सप्टेंबर 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात ‘संभाव्य जैवखूण’ असा सावध शब्द आहे. तशी खनिजे पृथ्वीवर सूक्ष्मजीवांमुळे तयार होतात, पण जीवनाशिवायही होऊ शकतात. निर्णय व्हायचा तर तो नमुना इथल्या प्रयोगशाळेत यायला हवा. तूर्त तो एका नळीत बंद आहे.

इतक्या सावधपणाने सामान्य वाचक कंटाळेल, असा आक्षेप येतो. मला तो पटत नाही. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हे आपण पहिल्या वर्षाच्या वर्गात परोपरीने सांगतो, आणि त्यामुळे कविता काही नीरस होत नाही. मग ‘संभाव्य’ हे विशेषण खोडून मथळा रंगवणाऱ्याला आपण निदान विद्यार्थ्याइतके तरी हटकावे की नाही? अब्जावधी वर्षांपूर्वीचे एक तळे, पिण्याजोगे पाणी, आणि ते कोणी प्याले की नाही हे अजून ठाऊक नसणे, यात नाट्य कमी आहे असे कोण म्हणेल?