जुन्या घराची वाढ आधी कागदावर करा

पाऊस थांबला, दिवाळी सरली की वस्तीवस्तीत वाळूचे ढीग पडू लागतात. कोणाचा मुलगा नोकरीला लागलेला असतो, कोणाच्या हाती फंडाचे पैसे आलेले असतात, तर कोणाच्या घरी पुढच्या उन्हाळ्यात लग्न असते. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेले घर आता पुरत नाही. मग गवंडी येतो, मागची मोकळी जागा पावलांनी मोजतो, "दोन खोल्या काढू, वर स्लॅब टाकू" म्हणतो आणि चार दिवसांत पाया खणला जातो.

समाजबांधवांच्या घरपट्टीच्या नोंदी, कर्जाचे अर्ज, वारसाची प्रकरणे यांत आम्ही अनेक वर्षे हातभार लावीत आलो आहोत. त्यातून एक गोष्ट आमच्या ध्यानी आली आहे. पैसा कमी पडून जेवढी घरे बिघडतात, त्याहून जास्त घरे आधी विचार न केल्याने बिघडतात. चुकीच्या जागी आलेली भिंत पुढची चाळीस वर्षे हलत नाही. कागदावरची भिंत मात्र खोडरबराने पुसता येते.

आमच्या माहितीतल्या एका कुटुंबाचेच उदाहरण घेऊ. घरात आई, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि तीन मुले. थोरली मुलगी दहावीला. एक बहीण सासरी. जुने घर १८ फूट रुंद. पुढे ओसरी, तिच्या मागे शेजारी शेजारी दोन खोल्या. एक माजघर आणि एक स्वयंपाकघर. मागे १८ बाय २० फुटांची मोकळी जागा. गवंड्याचा बेत असा की मागची सगळी जागा भरून दोन भावांना दोन लांब खोल्या द्यायच्या आणि जिना जुन्या माजघरात बसवायचा. मग आईची खाट कोठे? ओसरीत. मुलीचा अभ्यास? "करील कोठेतरी बसून." संडास पुढे अंगणात, रस्त्याच्या कडेला.

हा बेत आम्ही त्यांच्याच मुलीच्या चौकटीच्या वहीवर काढून घेतला. एक चौकोन म्हणजे एक फूट. मग पुठ्ठ्याचे तुकडे त्याच मापाने कापले. सहा बाय चारची खाट, तीन बाय दीडचे कपाट, तीन बाय दोनचे टेबल. हे तुकडे नकाशावर मांडले तेव्हा कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. भिंतींची जाडी वजा जाता प्रत्येक लांब खोली आत जेमतेम आठ फूट रुंद राहत होती. मागे खोल्या आल्या की जुन्या स्वयंपाकघराची मागची एकुलती एक खिडकी कायमची बंद होणार होती. दिवसा दिवा लावावा लागेल अशी आंधळी खोली तयार होत होती. जुन्या घराला मागून जोड देताना ही फसगत हमखास होते. आपण नवी खोली मिळवतो आणि जुनी गमावतो.

जिन्याचाही हिशेब करून पाहावा. मजल्याची उंची १० फूट म्हणजे १२० इंच. एक पायरी सात इंच उंच धरली तर १७ चढ होतात. पायरीची रुंदी १० इंच, जिना तीन फूट रुंद आणि मध्ये वळण, असे धरले तर सुमारे ६० चौरस फूट जागा जाते. ही एका स्वयंपाकघराची जागा झाली. वरचा मजला पाच-सात वर्षे होणार नसेल, तर आज जिन्यात एवढी जागा कशाला अडकवावी? पुढे तो ओसरीच्या बाजूने बाहेरून काढता येतो. पण मजला चढवायचा हे नक्की असेल, तर पाया मात्र आजच त्या वजनाचा हवा. पाया मागाहून बदलत नाही.

मग नवा नकाशा ठरला. जुन्या घराला लागून पाच फुटांचा पट्टा सोडला. त्याच्या एका अंगाला पाच बाय चारची न्हाणी आणि तीन बाय चारचा संडास. उरलेला भाग आभाळाला उघडा, छोटा चौक. त्यामागे १२ फूट खोलीच्या बांधकामात आतून १० बाय साडेदहाची एक खोली आणि सहा बाय साडेदहाचे स्वयंपाकघर. अगदी मागे तीन फूट मोकळे सोडले, म्हणजे मागच्या खिडक्यांना वारा. जुने स्वयंपाकघर रिकामे झाले, ते आईची खोली झाले. तिची खिडकी चौकात उघडते आणि रात्री न्हाणीपर्यंत जायला तिला पाच-सात पावले पुरतात, तेवढ्यावर पत्रा टाकला. त्याच खोलीत खिडकीपाशी नातीचे टेबल. माजघर थोरल्याला, नवी खोली धाकट्याला. माजघराला बोळाकडे खिडकी होतीच. खोल्या तेवढ्याच, पण माणसे नीट बसली.

राहत्या खोलीचे क्षेत्र किमान साडेनऊ चौरस मीटर म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट आणि रुंदी आठ फूट असावी, स्वयंपाकघर पाच चौरस मीटर म्हणजे ५४ चौरस फूट आणि सहा फूट रुंद असावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. कोरड्या उष्ण भागात खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एक दशांश, तर कोकणासारख्या दमट भागात एक षष्ठांश हवे. गवंड्याशी बोलताना हे आकडे वहीत लिहिलेले असू द्या.

काही बांधव आम्हांला विचारतात, "दिशा कोणती शुभ?" आम्ही म्हणतो, पंचांग बाजूला ठेवा, ऊन पाहा. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि ती धग रात्री आत सोडते. तिकडे झोपण्याची खोली नको, न्हाणी किंवा जिना चालेल. सकाळचे ऊन पूर्वेकडून स्वयंपाकघरात आले तर ओल राहत नाही. पावसाची झड नैऋत्येकडून येते, तिकडच्या खिडकीला छज्जा हवाच. दिशेचे शास्त्र एवढेच, आणि त्यासाठी कोणाला दक्षिणा द्यावी लागत नाही.

आता जिवावरची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागातील हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेथील बहुतेक घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर लाकूड आणि मातीचे जड माळवद. मातीत रचलेले दगड सुटले आणि वरचे सगळे वजन खाली आले. म्हणून मातीच्या जुडाईच्या जुन्या भिंतीवर नवा स्लॅब कधीही टाकू नका, गवंडी कितीही छाती ठोकून सांगो. नवी भिंत जुन्या भिंतीत दात काढून गुंतवण्यापेक्षा नव्या बांधकामाला स्वतंत्र पाया द्या आणि दोन्हींमध्ये फट राखा. नव्या भिंतींवर दारांच्या उंचीला लोखंडी सळ्यांची काँक्रीटची पट्टी चारही बाजूंनी सलग फिरवा. जुनी भिंत पाडण्यापूर्वी तिच्यावर वरचे वजन आहे का, हे अभियंत्याकडून तपासून घ्या. त्याची फी पडलेल्या भिंतीपेक्षा स्वस्त असते.

संडासाचा शोषखड्डा कोठे येणार हेही नकाशात आधी दाखवा. पिण्याच्या विहिरीपासून, बोअरपासून तो १८ मीटर म्हणजे सुमारे ६० फूट दूर हवा. शेजाऱ्याची विहीरही मोजा, फक्त आपली नको.

आणखी एक नकाशा असतो, तो कागदपत्रांचा. वरील कुटुंबात वडील वारले होते, पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव त्यांचेच होते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता वडील वारले, तर त्यांच्या स्वकष्टाच्या घरात पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे येथे आई, दोन भाऊ आणि बहीण यांचा प्रत्येकी एक चतुर्थांश. बहिणीला सहीपुरते बोलावून घेऊ नका. तिला नकाशा दाखवा, तिचे म्हणणे ऐका. तिने हक्क सोडला तर तो तिच्या खुशीने आणि नोंदणीकृत दस्ताने. या बहिणीने वाटा सोडला नाही आणि भावांनीही आग्रह धरला नाही. सर्वांची नावे लागली. तिने मागितले एवढेच की आईच्या खोलीत दुसरी खाट बसेल इतकी जागा ठेवा. पुठ्ठ्याची दुसरी खाट तेथे मांडून पाहिली आणि बसली. कायद्याने समान हक्क मिळवण्यासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. त्यांच्या अनुयायांच्या घरात बहिणीचे नाव गळू नये.

स्वयंपाकघराचा बेत भगिनींना विचारूनच करा. ओट्याची उंची काम करणारीच्या कोपरापेक्षा चार बोटे खाली असावी. डबे, पाण्याचे पिंप, गॅसची टाकी कोठे राहणार, हे पुरुषांनी ठरवू नये. आणि पुस्तकांच्या फळीला भिंत राखून ठेवा. बाबासाहेबांनी दादरला राजगृह उभारले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. आपल्याला तीन फुटांची फळी तरी जड जाऊ नये.

शेवटी हिशेब. वाळू-खडी ब्रासवर मिळते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली खाली होण्याआधी लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत मोजा, गुणाकार करा, १०० ने भागा. नऊ बाय सहा बाय दोनची ट्रॉली १०८ घनफूट, म्हणजे एक ब्रासहून थोडी अधिक. मजुरीचा दर, कामाचे टप्पे आणि दिलेली रक्कम वहीत लिहून गवंड्याची सही घ्या. अंदाजाच्या दहावा हिस्सा रक्कम बाजूला ठेवा. जुने घर उघडले की आत काय निघेल ते सांगता येत नाही.

नकाशा ठरला की जागेवर खुंट्या ठोकून सुतळी ताणा, फक्कीने रेघा मारा आणि घरातल्या प्रत्येकाला त्या रेघांतून एकदा फिरू द्या. म्हातारीला खाटेपासून न्हाणीपर्यंत चालवून पाहा. तिला अडखळायला झाले तर रेघ पुसा आणि पुन्हा मारा. त्यानंतरच कुदळ हाती घ्या.

घरदुरुस्तीच्या कर्जाला कोणती कागदपत्रे लागतात, ते पुढील अंकी पाहू.