चित्रातला पेरू हातात येतो तेव्हा



या वेळचं पान घरातल्या धाकट्यांसाठी आहे. पण ते वाचायचंय तुम्ही, कारण धाकट्यांना अजून वाचता येत नाही!

शिरूरहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, 'आई खुरपणीला जाते. शाळेतून आले की तीन वर्षांचा भाऊ माझ्याकडे असतो. अभ्यास व्हावा म्हणून मी त्याला मोबाईल देते. काढून घेतला की तो लोळण घेतो. बोलतोही फार कमी. माझं चुकतंय का?'

मैत्रिणी, आधी एक सांगते. तू भावाला सांभाळतेस, त्यासाठी स्वतःचा खेळ सोडतेस, यात चूक कसली? मोबाईलचं म्हणशील, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये आणि कमी बसलं तर आणखी चांगलं. पण नुसता मोबाईल काढून घेऊन भागत नाही. रिकाम्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. काय द्यायचं? एक चित्रांचं पुस्तक आणि त्या चित्रातली खरी वस्तू!

लहान मूल जग ओळखतं ते हाताने, नाकाने, जिभेने. चित्रातला पेरू सपाट असतो. त्याला वास नाही, चव नाही. पण चित्र पाहिल्यावर लगेच खरा पेरू हातात आला, की 'पेरू' हा शब्द मनात पक्का बसतो. आणि बोलणं येतं ते अशाच पक्क्या बसलेल्या शब्दांमधून.

एरिक कार्ल नावाच्या अमेरिकी चित्रकाराची गोष्ट ऐका. एकदा तो कागदाच्या गठ्ठ्याला यंत्राने भोकं पाडत बसला होता. भोकं बघून त्याला पुस्तक खाणारा किडा आठवला! किड्याची पुढे झाली अळी, आणि 1969 साली एका खादाड अळीचं पुस्तक निघालं. अळी सोमवारी एक फळ खाते, मंगळवारी दोन, बुधवारी तीन. जिथे जिथे ती खाते तिथे पानाला खरंखुरं भोक! मुलं त्यात बोट घालतात आणि बोटच अळी होतं. साठाहून जास्त भाषांत गेलंय हे पुस्तक.

आपण काय करायचं? जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पेरू, चिकू, संत्रं, डाळिंब काढायचं. प्रत्येक फळाला बोट जाईल एवढं भोक पाडायचं. गोष्ट सांगत सांगत अळी फिरवायची. मग कापडी पिशवीत खरी फळं ठेवून म्हणायचं, 'न बघता हात घाल आणि सांग, अळीने काय खाल्लं?' ओळखलं की फोड करून तोंडात!

दुसरा खेळ, हात लावायचं पुस्तक. अमेरिकेत 1940 साली डोरोथी कुनहार्ट या लेखिकेने आपल्या लहान मुलीसाठी असं पुस्तक केलं होतं. त्यातल्या सशाला मऊ केस होते आणि बाबांची दाढी खरखरीत होती. आपल्याकडे तर सामानाला तोटा नाही. गव्हाच्या पिठाची खळ करा आणि एकेका पुठ्ठ्यावर एकेक वस्तू चिकटवा. कापूस, गोणपाटाचा तुकडा, काचपेपर, नदीची वाळू, उसाचं पाचट (कडा नीट कापून, नाहीतर बोट कापेल). बोट फिरवताना शब्द म्हणा. मऊ, खरखरीत, गुळगुळीत, भुसभुशीत. मराठीत अशा शब्दांची केवढी श्रीमंती आहे! पण 'खरखरीत' हा शब्द नुसता पाठ होत नाही, तो बोटाला कळावा लागतो.

तिसरा खेळ दौंडकरांच्या आवडीचा. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चारी बाजूंच्या गाड्या तुमच्या जंक्शनात येतात. पुस्तकातल्या आगगाडीचं चित्र काढा, पण आवाज कुठून आणायचा? सहा छोट्या डब्या घ्या. दोघींत ज्वारी, दोघींत चिंचोके, दोघींत वाळू. झाकणं चिकटपट्टीने घट्ट बंद करा. आता डब्या हलवायच्या आणि सारख्या आवाजाची जोडी लावायची. माँटेसोरीबाईंच्या शाळांत असाच खेळ असतो. जोडी लागली की तो डबा गाडीला जोडायचा!

चौथा खेळ मातीचा. घोडनदीकाठची किंवा भीमेकाठची काळी माती भिजवून गोळा द्या. पुस्तकातला बैल पाहायचा आणि बैल करायचा. त्याचा बैल बटाट्यासारखा झाला तरी हसू नका, त्याचं नाव विचारा.

हे सगळं फुकटच्या वस्तूंनी होतं, म्हणून कमी दर्जाचं समजू नका हं! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी सुरू केली. वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी खडे, शिंपले, बिया, पानं घेऊन आदिवासी मुलांना शिकवलं. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायचं म्हणून शाळेत येत नव्हत्या. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. शिरूरच्या मैत्रिणी, तुझीच अडचण होती ही! तेव्हा धाकट्याला सांभाळणं ही एकट्या ताईची जबाबदारी नाही, हे त्या दोघींनी ओळखलं होतं. भाऊ तीन वर्षांचा आहे, गावच्या अंगणवाडीत त्याचं नाव आहे ना, ते आईला विचार.

आता सूचना. या मोडायच्या नाहीत.

चिंचोके, मणी, हरभरे ही मुलं नाकात-तोंडात घालतात. सुटे कधीच देऊ नका, बंद डबीतच. पाण्याचा खेळ असेल तर घमेल्यात चार बोटंच पाणी घ्या, क्षणभरही उठून जाऊ नका, आणि खेळ संपला की पाणी झाडाला घाला. खेळ दहा-पंधरा मिनिटं पुरे. मूल कंटाळलं की थांबायचं.

आणि मैत्रिणी, शेवटचं पण सगळ्यांत महत्त्वाचं. तीन वर्षांचं मूल फार कमी बोलत असेल तर नुसत्या खेळावर राहू नये. त्याला नीट ऐकू येतं का, हे डॉक्टरांकडून तपासायलाच हवं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीसाठी आरोग्य पथक येतं. सेविकाताईंना भावाचं सांग, किंवा आईबरोबर सरकारी दवाखान्यात जा. यात लाजायचं काही नाही. वेळेवर कळलं तर पुष्कळ करता येतं.

तर आज एकच पुठ्ठा करा. फार नको. गोणपाट चिकटवा, त्याचं बोट धरून त्यावर फिरवा आणि म्हणा, 'खरखरीत!' तो काय म्हणाला, ते आम्हांला कळवायला विसरू नका. आम्ही वाट पाहतोय.